मोरदऱ्याची आवळी

लताला वर्षातून एक दिवस सुट्टी होती. ती कोणी तिला दिली नव्हती. तिने ती थाप मारून मिळवली होती.

बाकीचे सगळे दिवस मळ्याचे. इंदिरानगरच्या पलीकडे, जिथवर तेव्हा बंगले पोचले नव्हते, तिच्या सासरचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता. दसरा-दिवाळीत घरातल्या कोणाच्या पोटात वेळेवर घास जायचा नाही. पहाटे दव असतानाच फुलं खुडायची, टोपल्या भरायच्या, नवऱ्याच्या टेम्पोत चढवायच्या. झुंबर टेम्पो घेऊन द्वारका चौकातल्या फूलबाजाराकडे निघून गेला की चूल, धुणं, दोन गाई, आणि सासूच्या गुडघ्याला तेल. बोटांत झेंडूचा वास असा मुरलेला असायचा की भाकरी तोंडाशी नेली तरी आधी झेंडूच नाकात शिरायचा. दिवाळी सरली की फुलाला काही दिवस कोणी विचारत नसे. तुळशीची लग्नं लागून लग्नसराईची घाई सुरू होईपर्यंत बायकांना जरा पाठ टेकता यायची. लताने आपला दिवस त्या फटीतून काढला होता.

तिचं माहेर घोटीच्या अलीकडचं, भाताच्या खाचरांमधलं. आई ती रांगत असतानाच गेली. बाप, लहानू, गावची गुरं राखायचा. पोरीला कोणापाशी ठेवणार म्हणून तिलाही बरोबर न्यायचा. गुरं मोरदऱ्याच्या रानात पांगली की तो एका आवळीखाली घोंगडी टाकायचा. कार्तिकात त्या आवळीखाली फळांचा सडा पडायचा, आणि उन्हं उतरली की ते आवळे खायला भेकर यायचं. अंगाने शेळीएवढं हरीण, तांबूस, आणि तोंडावर दोन काळ्या रेघा, काजळाची बोटं ओढल्यासारख्या. बाप तिच्या तोंडावर हात ठेवायचा. त्या तंबाखूच्या वासाच्या पंजाआडून ती डोळे फाडून बघत राहायची. भेकर एकेक आवळा उचलायचं, मान वर करायचं, चावायचं, कान हलवायचं. मग कुठे काटकी मोडली की कुत्र्यासारखं भुंकून नाहीसं व्हायचं.

लग्नानंतर चार वर्षांत बाप गेला. घर भाऊबंदांनी वाटून घेतलं. माहेर म्हणून सांगायला लताकडे तेवढं झाड उरलं.

एक्क्याण्णव सालची दिवाळी झाली आणि तिने भीत भीत सासूला विचारलं, की एक दिवस घोटीकडे जाऊन येऊ का.

साळूबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होती. तिने मानही वर केली नाही.

"कोणाच्या दारात जाणार? आई नाय, बाप नाय. चुलत्यांच्या सुना तुला ताकाला तरी विचारतील का?"

लता काहीतरी बोलायचं म्हणून बोलून गेली, "आवळीचं जेवण असतं ना, आत्याबाई. कार्तिकात."

"आवळीचं जेवण काय मला ठाव नाय? मागल्या दारी आवळी लावून ठेवलीय तुझ्या सासऱ्यानं. बस तिच्याखाली आन जेव."

"लावलेली नाही चालत. आमच्याकडं रानातलीच लागते, आपसूक उगवलेली. आईनं घेतलेलं व्रत आहे. आता माझ्यावर आलंय."

लसणाची पाकळी सासूच्या बोटात तशीच राहिली. माहेरून आलेलं व्रत मोडलं तर ते सासरला बाधतं, हे साळूबाईच आजवर आळीतल्या सगळ्या सुनांना सांगत आली होती.

"मग नऊ-दहा वर्सं काय झोपली होतीस?"

"म्हणूनच तर घरात काही ना काही लागून राहतं," लता म्हणाली. त्या वर्षी एक गाय मेली होती आणि थोरल्या दिराने अंथरूण धरलं होतं.

"जा बाई, जा," सासू म्हणाली. "पण दिवेलागण झाली की घरात पायजेस."

ती दिवेलागणीनंतरच घरी आली. पण साळूबाईने देवापाशी निरांजन लावून ठेवलं होतं आणि ती काही बोलली नाही. व्रताहून आलेल्या सुनेला बोलायचं नसतं.

तो दिवस लताने पुढे वर्षभर पुरवून पुरवून खाल्ला. द्वारकेपर्यंत नवऱ्याच्या टेम्पोतून, तिथून घोटीची एस.टी., मोरदरा फाट्याला उतरायचं आणि ओढ्याच्या कडेने आत चालत जायचं. गवत पिकून पिवळं झालेलं, कुसळं लुगड्याच्या काठाला चिकटून यायची. कार्तिकात मोराला पिसारा नसतो, सगळा झडून गेलेला असतो. तो लताच्या पुढून वाट ओलांडून गेला तेव्हा न्हाव्याकडून नुकता उठून आलेल्या माणसासारखा दिसला आणि ती एकटीच मोठ्याने हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच आठवेना. आवळीखाली बसून तिने दशम्या सोडल्या. कोतवाल पक्ष्यांची जोडी पुढच्या ऐनाच्या झाडावर बसून किड्यांवर झेपा घेत होती. एक ससा इतका जवळून गेला की त्याच्या कानातल्या शिरा दिसल्या. कोणी तिला हाक मारली नाही. कोणाला काही हवं नव्हतं. उन्हं उतरली आणि भेकर आलं. बापाच्या वेळचं ते नसणारच. पण त्याच्या तोंडावर रेघा त्याच होत्या.

त्या पहिल्याच वर्षी परतताना वनखात्याचा एक माणूस आडवा आला. हातात काठी, खाकी सदरा.

"काय बाई, जळणाला फाटी न्यायला आलात?"

"नाही. जेवायला."

"एकट्याच?" त्याने तिच्या हातातला रिकामा डबा बघितला आणि तो हसला. "जेवा की. सरकारी रान आहे, कोणीही बसावं. फक्त इस्तू पेटवू नका आणि पोरं आणून झाडं ओरबाडू नका."

कोणीही बसावं. एस.टी.त बसल्यावर लता त्यावर विचार करत राहिली. घर सासूचं, मळा नवऱ्याचा, माहेरचं घर चुलत्यांचं. इथे बसायला मात्र तिला कोणी उठ म्हणणार नव्हतं.

मग व्रत वाढत गेलं. थाप एकदा मारली की तिला राखावी लागते, आणि लता ती राखण्यात हुशार निघाली. दुसऱ्या वर्षी झुंबर म्हणाला, "आम्ही पण येतो दोघं-चौघं. एखादं कोंबडं घेऊ, मजा करू."

"पुरुषाला चालत नाही."

"हे कोणी सांगितलं?"

"आईनं."

"तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतीस."

"बापानं सांगितलं, आईनं सांगितलेलं."

झुंबर हात झटकून टेम्पोखाली शिरला. तिसऱ्या वर्षी खुद्द साळूबाईच नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली. म्हणाली, की माझं वय झालं, पुण्याचा घास मलाही मिळू दे.  ओट्यावर उभ्या उभ्या लताने नियम घडवला.

"निर्जळी जावं लागतं, आत्याबाई. सकाळपासून अन्न नाही, पाणी नाही."

"पाण्याचा थेंबबी नाय?"

"थेंबही नाही. आणि फाट्यापासून मुक्यानं. तोंडातून शब्द काढायचा नाही. ऊन डोंगराआड गेलं की मगच घास घ्यायचा, मगच बोलायचं."

"शेजारी साप निघाला तरी?"

"तरी."

साळूबाईने लुगड्याचा ओचा सैल केला. "मग ऱ्हाऊ दे. एक वेळ पाण्यावाचून ऱ्हाईन, पण मुक्यानं बसायचं म्हंजी जिवंतपणी मसणात बसल्यासारखं. तूच जा. तुझं पुण्य घराचंच हाय."

लताला वाटेत आठवून आठवून हसू येत होतं. स्वतः ती ओढ्याला गेली की ओंजळी भरून पाणी प्यायची, गुळाचा खडा तोंडात टाकायची, आणि कोतवालांशी बोलायचीसुद्धा. नियम तिच्यासाठी नव्हतेच. ते बाकीच्यांना दूर ठेवण्यासाठी होते. बाभळीची काटी ओढून वाट बंद करावी तसे. आणि काटी चांगली टिकली. वर्षामागून वर्षं कोणी त्या वाटेला आलं नाही.

नव्व्याण्णव साली फुलाबाई आली.

फुलाबाई तिची थोरली जाऊ. दीर अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. त्याला जाऊन सात वर्षं झाली होती. फुलाबाईला एकच मुलगी, राखी. तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात सिन्नरला करून दिलं, आणि तेव्हापासून फुलाबाई घरात सावलीसारखी वावरायची. तिला साखरेचा आजार होता, रोज सकाळी गोळी. घरात हळदीकुंकू असलं की ती स्वयंपाकघरात करंज्या तळायची, बाहेर यायची नाही. सत्यनारायणाला प्रसाद ढवळायची, पूजेला बसायची नाही. तिला कोणी बस म्हणायचं नाही, आणि तीही कोणाला दोष द्यायची नाही.

त्या दिवशी दोघी ओसरीवर शेवंतीचे हार ओवत बसल्या होत्या.

"लता," फुलाबाई सुईकडे बघतच म्हणाली, "तुझ्या त्या आवळीला मला चालंल का?"

लताने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण साळूबाईचे कान खाटेवरही जागे असायचे.

"तुला? कपाळाला कुंकू नाय तुझ्या. चालतं का गं, लता? इधवा बाईला चालतं का?"

एका शब्दाचं काम होतं. नाही म्हटलं असतं तर संपलं असतं. सासू वरून दोन शब्द घालून मोकळी झाली असती. लताने फुलाबाईकडे बघितलं. फुलाबाईची मान खालीच होती, पण हातातली सुई थांबली होती. 'नाही' ऐकायची तिची तयारी झालेली होती, ती नेहमीच असायची.

"चालतं," लता म्हणाली. "त्यात कुंकवाचं काही नाही."

फुलाबाईने पुढचं फूल ओवलं. ते दोऱ्यावर सरकवत म्हणाली, "मी नेम सगळे पाळीन. तुझ्या व्रताला बट्टा लागू देणार नाय."

लता रात्री अंथरुणावर तिच्यावर चिडली आणि मग स्वतःवर. वर्षातला एक दिवस, तोही वाटून द्यावा लागला.

निघायच्या सकाळी फुलाबाईने मोरीपाशी उभी राहून गोळी कोरडीच गिळली. घशाशी अडकली, डोळ्यात पाणी आलं.

"बाई, पाण्यासंगं घ्या की," लता म्हणाली.

"निर्जळी ना? गोळी म्हंजी काय अन्न नाय. तेवढी चालत आसंल."

"पण तुम्हाला साखर आहे. तुम्ही थोडं खाल्लं तरी..."

"उपासाची मला सवय हाय गं. मला काय कोणी घास भरवायला बसलेलं आसतं?" आणि ती चक्क हसली. "तू नको काळजी करू. माझ्यापायी नेम ढिला करू नको."

एस.टी.त ती खिडकीशी बसली आणि वर्षभरात बोलली नसेल तेवढं बोलली. भाताची कापणी बघून, "हे बघ, आडवं झालंय, पावसानं झोडपलंय." म्हशीच्या पाठीवरचा बगळा बघून, "तो बघ, आत्याबाईंसारखा बसलाय." राखीला तिसरा महिना आहे असं कालच कळलं होतं, तेही तिने दोनदा सांगितलं. मोरदरा फाटा आला, दोघी उतरल्या, गाडी धूळ उडवत गेली, आणि फुलाबाईने स्वतःच ओठावर बोट ठेवलं. नव्या खेळात घेतलेल्या पोरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

ओढ्यापाशी लता थांबली. पाणी कमी होतं पण नितळ, खालचे गोटे दिसत होते. दरवर्षी ती इथेच गुडघे टेकून पाणी प्यायची. ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. फुलाबाई दोन पावलं मागे उभी राहून तिच्याकडे बघत होती. लता जे करेल ते करायचं, असं तिचं बघणं. लताने एक ओंजळ प्यायली असती तर फुलाबाईनेही प्यायली असती. पण मग तिला कळलं असतं. कुंकवाचं न विचारता चालणारं एकच व्रत तिला आयुष्यात मिळालं होतं, आणि ते खोटं होतं हे तिला तिथे, ओढ्याच्या काठी, कळलं असतं. लताने वाकून फक्त पाय धुतले. फुलाबाईनेही पाय धुतले. दोघी पुढे गेल्या.

रानात फुलाबाईचं चित्त हरखून गेलं. पिसारा नसलेला मोर दिसला तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला आणि ती खांदे गदगदवून हसली. सशाच्या लेंड्या दिसल्या, साळिंदराचा काटा सापडला; तो तिने राखीच्या बाळासाठी म्हणून खुणेने सांगून कमरेला खोवला. आवळीखाली फळं पडली होती. दोघी बुंध्यापासून जरा लांब, करवंदीच्या जाळीआड बसल्या; लता पुढे, फुलाबाई हातभर मागे. मध्ये डबा. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि फडक्यात बांधलेला गूळ.

दुपार कलली. लताने एकदा मागे वळून पाहिलं. फुलाबाईच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढुरके. चालण्याची सवय नाही, लताला वाटलं. डोळ्यांनीच विचारलं, ठीक? फुलाबाईने मान हलवली, ठीक.

मग भेकर आलं. त्या वर्षी एक नाही, दोन. मादी आणि तिच्या मागे पाडस, अजून पाय नीट न जमलेलं. मादी आवळे खाऊ लागली आणि पाडस तिच्या पोटाखाली ढुशा देऊ लागलं. इतक्या वर्षांत लताने हे बघितलं नव्हतं, बापाबरोबरही नाही. ती जागची हलली नाही.

मागून पदर ओढला गेला.

तिला बघायला मिळालंय म्हणून सांगतेय, लताला वाटलं. मान न वळवता तिने हात मागे नेला, फुलाबाईचा हात धरला आणि दाबला: बघितलं, बघितलं, हलू नका. फुलाबाईचा हात ओला होता आणि थरथरत होता. लताला वाटलं, आनंदाने. थोड्या वेळाने पदर पुन्हा ओढला गेला, या वेळी हळू. लताने पुन्हा हात दाबला. मग तो हात सैल पडला आणि लताने तो सोडला.

भेकर किती वेळ होतं कोण जाणे. ऊन डोंगराआड गेलं, मादीने कान टवकारले आणि दोघंही गवतात शिरली. लता वळून हसत म्हणाली, "बाई, आता बोला!"

फुलाबाई करवंदीच्या जाळीवर कलंडली होती. डोळे अर्धे उघडे. तोंडातून लाळ. लताने तिला हलवलं, गालावर मारलं, गुळाचा खडा ओठांत सारायला बघितला. दातखीळ बसली होती. गूळ ओठावर विरघळून हनुवटीवर ओघळला. लता ओरडत फाट्याकडे धावली. तिचा आवाज त्या रानात पहिल्यांदाच एवढा मोठा निघाला असेल. भाताच्या पेंढ्यांचा ट्रॅक्टर मिळाला. घोटीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत फुलाबाई संपली होती.

डॉक्टर म्हणाले, साखर उतरली. गोळी घेतली आणि काही खाल्लं नाही का दिवसभर? काही बोलल्या नाहीत का तुम्हाला, चक्कर येतेय म्हणून?

 लताच्या वतीने नंतर आळीच बोलली. कार्तिक मास, आवळीची सावली, निर्जळी आणि मुक्याने. असं मरण वारकऱ्यालाही मिळत नाही. साळूबाई दहाव्यापर्यंत येईल त्याला सांगत होती, "सात वर्सं कुंकवावाचून ऱ्हायली माझी सून, पण विष्णूनं स्वतः नेलं बघा तिला. लताच्या पुण्यानं." तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांनी लताला वाकून नमस्कार केला. एक बाई म्हणाली, पुढल्या वर्षी आम्हालाही न्या.

लताने झुंबरला सांगितलं. तो अंघोळीला पाणी काढत होता.

"ऐकलं का? ते व्रत खोटं होतं. मी रचलं होतं. निर्जळी वगैरे काही नव्हतं. माझ्या माहेरी असलं काहीच नव्हतं."

झुंबरने तांब्या बादलीत ठेवला आणि तिच्याकडे जरा दयेने पाहिलं.

"तू? तू रचलं? तुला मंगळागौरीचं एक गाणं पाठ होत नाही." मग आवाज उतरवून, "वहिनी गेल्याचं मनाला लावून घेतलंस. डोक्यावर पाणी घे. आणि असलं आईपुढं बोलू नको, म्हातारी खचेल."

ती पुन्हा कोणाला सांगायला गेली नाही. खोटं बोललेलं चटकन पटलं होतं. खरं कोणाला पटत नव्हतं, आणि पटलं असतं तर काय झालं असतं त्याचीही तिला भीती होती. रात्री हात उशाखाली धरून झोपायची. तोच हात. फुलाबाईचा हात दाबलेला.

वैशाखात राखीला मुलगी झाली. नाव मंजुषा. लताने सुईणीच्या शेजारी बसून राखीला धरलं, तिची धुणी काढली, तिला डिंकाचे लाडू केले. बाळंतपण मळ्यातच झालं, आईच्या जागी काकू. आईच्या कमरेला सापडलेला साळिंदराचा काटा राखीने बाळाच्या दुपट्याला बांधला होता.

दसऱ्याला राखी माहेरपणाला आली. बाळ अंगावर पिणारं, राखी वाळून काटकी झालेली. आवळीचे दिवस जवळ आले होते. लताने ठरवलेलं होतं की जायचं. फुलाबाई गेली त्या जागी एकदा तरी जाऊन बसायचं, आणि खरं सांगायचं तर भेकराचं ते पाडस आता केवढं झालं असेल, हेही तिच्या मनात येत होतं. तेवढं मनात येतंय याची लाज वाटत होती आणि तरी येत होतं.

"काकू, या वर्षी मी येणार," राखी म्हणाली.

"बाळ कुठं टाकशील?"

"बरोबर घेईन. आईचं अर्धं राहिलेलं व्रत आहे, मीच पुरं करायला हवं. माझ्या सासूबाई पण म्हणाल्या. निर्जळी, मुक्यानं, सगळं जसंच्या तसं."

"अगं, तू बाळंतीण. दिवसभर पाणी नाही तर बाळाला दूध कुठून येईल? तू पाणी पी, तुला चालतं. बाळंतिणीला मुभा आहे."

राखीने तिच्याकडे रोखून पाहिलं. "आईला साखर होती. तिला होती का मुभा?"

लता बाळाच्या दुपट्याची टोकं सारखी करू लागली.

"तिनं घेतली नाही, मी पण घेणार नाही," राखी म्हणाली. "तुम्ही जाल तोवर मी येत जाईन, काकू. दरवर्षी. आणि ही मोठी झाली की हीसुद्धा." मांडीवरचं बाळ तिने थोपटलं.

लता उठली, परसात गेली. सासऱ्याने लावलेल्या आवळीपाशी उगाच पानं झाडत उभी राहिली. आत साळूबाई बाळाशी बोबडं बोलत होती. खरं सांगितलं तर राखीला आई कशापायी गेली ते कळणार, आणि पटलं नाही तर राखी निर्जळी येणारच. आणखी एक नियम घडवायचा तर तो राखीला अडवेल असाच हवा. सवलतीचा नियम ती ऐकत नव्हती. लताला बंदीचा नियम सुचला तेव्हाच हेही दिसलं की त्या काटीच्या पलीकडे तिला स्वतःलाही जाता येणार नाही. पानं झाडून झाली तरी ती झाडत राहिली. मग आत आली आणि देवापाशी बसली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल.

"राखी, आत्याबाई, मी वर्षभर बोलले नाही. बोलायचं नसतं म्हणून. आज सांगते. एक बाई आवळीखाली देवाघरी गेली की त्या घराचं व्रत पुरं होतं. देवानं घेतलं. पुन्हा धरायचं नसतं. त्या घरच्या बाईनं पुन्हा त्या रानात पाय ठेवायचा नसतो."

साळूबाईने कानाला हात लावले. "आन ठेवला तर?"

"तर जी गेली तिला मागं ओढल्यासारखं होतं."

राखीचे डोळे भरून आले. "म्हणजे आईचं पुरं झालं?"

"पुरं झालं."

"आणि तुम्ही? तुम्ही पण नाही जायचं?"

लताने समईची वात सरळ केली. ती सरळच होती.

"मी पण नाही," ती म्हणाली.

साळूबाई त्या वर्षीच्या थंडीत गेली. मळ्याच्या चारी बाजूंनी बंगले उठले, मग मळ्यातही उठले. झुंबरने टेम्पो विकून स्लॅबचं घर बांधलं आणि मागच्या दारची आवळी तेवढी राहिली. तिच्याखाली लताबाई कार्तिकात आळीच्या बायकांना जेवू घालते. पाणी भरपूर पाजते. कोणी नको म्हटलं तरी पेला हातात देते. बायका हसतात, म्हणतात, लताबाई पाणी पाजून मारतील.

मोरदऱ्याला आता वनखात्याने फाटक केलंय, बाकं टाकलीयेत. शाळेच्या सहली जातात. दोन हजार सातच्या कार्तिकात मंजुषाची सहल गेली, आणि नंतर राखीबरोबर लताबाईकडे आली तेव्हा ती दप्तरात आवळे घेऊन आली.

"भेकर दिसलं का गं?" लताबाईने विचारलं.

"फलकावर आहे, आजी. मुलं लई गोंगाट करत होती. बाईंनी डबे सोडायला लावले, मग माकडं आली." मग लडिवाळपणे, "आजी, तू चल ना आमच्याबरोबर एकदा. आई नाही म्हणते, तू तरी चल."

लताबाईने उत्तर द्यायच्या आत राखी स्वयंपाकघरातून म्हणाली, "आजीला चालत नाही तिकडे. कितीदा सांगायचं?"

लताबाईने आवळे धुतले, चिरले आणि मिठात टाकले.

त्याच महिन्यात घोटीला चुलतभावाच्या घरी लग्न होतं. राखी आणि लताबाई एस.टी.ने निघाल्या. लताबाई खिडकीशी बसली होती. भात कापून झाला होता, खाचरं रिकामी होती, कडेचं गवत पिवळं पडलं होतं. गाडी फाट्याला हळू झाली. वाहकाने डोकं बाहेर काढलं.

"मोरदरा! मोरदरा फाटा, कोणी हाय का उतरणारं?"

लताबाईचा हात पुढच्या दांडीवर होता. तिने तो घट्ट धरला.  वाहकाने पुन्हा विचारलं, थेट तिच्याकडे बघून. कार्तिकात बाया इथेच उतरतात, त्याला सवय होती.

"काय मावशे, उतरायचंय का?"

"नाही, नाही," राखी म्हणाली, आणि लताबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून तो दाबला. "इथं आमचं कोणी नाही."

घंटी वाजली. गाडी निघाली.